रानआंब्याच्या टेकडीवरची शाळा

दिवाळी अंकात तुरुंगावर लेख कशाला, असे कुणी विचारले तर तो प्रश्न गैर म्हणता येणार नाही. चिवड्याची बशी हाती घेऊन वाचावा असा हा विषय नव्हे. पण आपल्या मध्यमवर्गीय माणसाला अलीकडे पाय फुटले आहेत. आजोबांच्या पिढीने काशी-रामेश्वर केले, वडिलांच्या पिढीने काश्मीर आणि उटी पाहिली. आता आपल्याच गल्लीतली मंडळी सुटीत कंबोडियाला जातात आणि अंकोरवाटसमोर उभी राहून फोटो काढून येतात. त्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटच्या दिवशी, खरेदीच्या आधी, एक ओळ असते : 'नॉम पेन्ह – तुओल स्लेंग संग्रहालय, दीड तास.' पुष्कळ मंडळी हा दीड तास बाजारात घालवतात. हा लेख त्या दीड तासाविषयी आहे.

२०१८ सालच्या डिसेंबरात सौ. आणि आठवीतले चिरंजीव यांच्यासह मी तिकडे गेलो होतो. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. प्रवासात लोक डोंगरदऱ्या पाहतात. मला आपली शब्द टिपायची खोड. कंबोडियात या खोडीचे फार लाड होतात. ख्मेर भाषेचे कूळ वेगळे; पण तिच्यात संस्कृत आणि पाली शब्द असे ठासून भरले आहेत की, पावलोपावली ओळखीचा माणूस भेटल्यासारखे वाटते. शाळेला तिथे 'साला' म्हणतात, गुरूला 'क्रू', स्त्रीला 'स्रेय', नगराला 'नोकोर'. त्यांचे स्वतःचे रामायण आहे. त्याचे नाव 'रिआमकेर', म्हणजे रामकीर्ती, आणि त्यातल्या सीतेला ते 'सेडा' म्हणतात. तीन दिवस मी या शब्दांच्या मागे फुलपाखरामागे धावावे तसा धावत होतो. चौथ्या दिवशी आम्ही ज्या इमारतीपुढे उतरलो, तिलाही एके काळी 'वित्यालय' म्हणत असत. म्हणजे विद्यालय.

मैदान आणि चाफा

आत पाऊल टाकल्यावर प्रथम नवल वाटते ते या जागेच्या साधेपणाचे. मधोमध मैदान, मैदानात नारळ आणि पांढरा चाफा, भोवती तीन मजली इमारती. प्रत्येक मजल्यावर लांबच लांब सज्जा आणि सज्ज्याला लागून ओळीने वर्ग. जमिनीवर पांढऱ्या आणि तांबूस फरशीचा बुद्धिबळाचा पट. आपल्याकडे कुठल्याही शहरात नगरपालिकेची शाळा दिसते, तशीच ही. मधल्या सुटीची घंटा आता होईल आणि पोरे धडाधड जिना उतरतील, असे वाटत राहते.

ही शाळा १९६२ साली बांधलेली. भागाचे नाव तुओल स्वाय प्रेय, म्हणजे रानआंब्याची टेकडी. शेजारच्या प्राथमिक शाळेचे नाव तुओल स्लेंग. 'स्लेंग' हे एका विषारी झाडाचे नाव; आपल्या कोकणात त्या जातीच्या झाडाला काजरा म्हणतात. काजऱ्याची बी खाल्ली तर माणूस आचके देऊन मरतो, हे कोकणातल्या पोरालाही ठाऊक असते. आज सारे जग या जागेला ओळखते ते काजऱ्याच्या नावाने. आंबा विसरला गेला.

इतिहास थोडक्यात सांगतो. १७ एप्रिल १९७५ या दिवशी ख्मेर रूज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साम्यवादी बंडखोरांनी नॉम पेन्ह घेतले. पाच वर्षांचे यादवी युद्ध आणि अमेरिकेचे बॉम्ब सोसून लोक मेटाकुटीला आले होते. कसे का होईना, युद्ध संपले म्हणून पुष्कळांनी रस्त्यावर येऊन आनंद केला. काही तासांतच हुकूम सुटला, की शहर रिकामे करा. निर्वासितांसह सुमारे वीस लाखांची वस्ती रस्त्याला लागली. इस्पितळातल्या रोग्यांनाही खाटेवरून उठवले. पुढे पैसा रद्द झाला, बाजार बंद झाले, शाळा बंद झाल्या, देवळांतले भिक्षू शेतावर गेले. नव्या राज्यकर्त्यांना एकदम कोऱ्या पाटीवर लिहायचे होते. ही राजवट तीन वर्षे, आठ महिने आणि वीस दिवस टिकली. ऐंशी लाखांच्या आतबाहेर लोकसंख्येच्या त्या देशात तेवढ्या काळात सतरा ते वीस लाख माणसे उपासाने, रोगाने, अतिश्रमाने किंवा वधाने गेली.

बंद पडलेल्या या शाळेचा १९७६ साली तुरुंग झाला. त्याचे सांकेतिक नाव एस-२१. गुप्त पोलिसांच्या ज्या खात्याचा हा तुरुंग, त्याचे नाव 'सान्तेबाल'. इतिहासकार डेव्हिड चँडलर यांनी या तुरुंगावर ग्रंथ लिहिला आहे. ते सांगतात, की 'सान्तिसुख' आणि 'नोकोरबाल' या दोन शब्दांचा हा जोड. शांतिसुख आणि नगरपाल! आणि एस-२१ मधले 'एस' हे अक्षर बहुधा 'साला' या शब्दाचे. म्हणजे शाळा तुरुंगाच्या नावातही उरलीच. इथे पोहोचल्यावर माझी शब्द टिपायची हौस जागच्या जागी थांबली.

वर्गांचे काय झाले

पहिल्या इमारतीतल्या खोल्यांत एकेक लोखंडी खाट आहे. खाटेवर पायबेड्या आणि दारूगोळ्याचा एक रिकामा पत्र्याचा डबा. हा डबा म्हणजे कैद्याचे शौचकूप. भिंतीवर एक मोठा, धूसर फोटो. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामी सैन्य शहरात शिरले, तेव्हा या खाटांवर जे आढळले त्याचा तो फोटो. पळून जाण्यापूर्वी मारून टाकलेली शेवटची चौदा प्रेते इथे होती. मैदानात त्यांची चौदा पांढरी थडगी आहेत. खिडक्यांना काचा लावल्या होत्या त्या किंकाळ्या बाहेर जाऊ नयेत म्हणून.

तिसऱ्या इमारतीत वर्गांच्या आत विटांच्या कोठड्या बांधल्या आहेत. रुंदी अडीच फूट, लांबी साडेसहा फूट. गवंडीकाम इतके ओबडधोबड, की चुना विटांतून ओघळून तसाच वाळला आहे. एका वर्गातून दुसऱ्यात जाता यावे म्हणून मधल्या भिंतींना भोके पाडली. वरच्या मजल्यावर अशाच कोठड्या लाकडी फळ्यांच्या. सज्ज्याला वरपासून खालपर्यंत काटेरी तारेचे जाळे आहे. कैद्याने वरून उडी टाकून जीव देऊ नये म्हणून ते लावले. मरायचे तर तेही सरकारच्या सोयीने मरायचे. काही वर्गांत भिंतीवरचे फळे तसेच आहेत. मैदानात कसरतीचा उंच आडवा खांब आहे. मुले त्यावर लोंबकळत असत. नंतर त्यावरून कैद्यांना उलटे टांगू लागले.

आम्हांला माहिती देणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. आवाज न चढवता, बँकेतल्या कारकुनाने आकडे सांगावेत तशा त्या सांगत होत्या. छळाची हत्यारे जिथे ठेवली आहेत त्या शेवटच्या इमारतीत मात्र त्या आल्या नाहीत. "तुम्ही पाहून या," म्हणाल्या आणि चाफ्याखाली बाकावर बसून राहिल्या. आम्हीही काही विचारले नाही.

शिक्षक

बाहेर आल्यावर आमच्या तांड्यातले एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "अडाणी माणसांच्या हाती सत्ता गेली, की असेच व्हायचे हो, प्रोफेसर." हे वाक्य आपण घरी, गाडीत, सभेत शंभरदा ऐकलेले असते. शिक्षण म्हणजे सुसंस्कृतपणा, हा आपल्या वर्गाचा कुलाचार आहे. मुलाच्या फीसाठी आपण दागिना मोडतो तो याच श्रद्धेने. म्हणून त्या गृहस्थांना मी जे सांगितले तेच इथे जरा सविस्तर लिहितो. कारण या संग्रहालयात काळजाला लागणारी गोष्ट हत्यारांच्या खोलीत नाही, ती दुसरीकडेच आहे.

ख्मेर रूजचा सर्वोच्च पुढारी पोल पॉट, मूळ नाव सालोथ सार, १९६३ साली जंगलात जाण्यापूर्वी नॉम पेन्हमधल्या एका खाजगी शाळेत फ्रेंच साहित्य आणि इतिहास शिकवीत असे. त्याचा एक विद्यार्थी पुढे नामवंत कादंबरीकार झाला. त्याची आठवण अशी, की सर मृदू आवाजात व्हर्लेनच्या कविता म्हणत आणि मुलांना ते फार आवडत. पोल पॉटची पहिली पत्नी शिक्षिका. संरक्षण आणि गुप्त पोलीस ज्याच्या हाती होते तो सोन सेन शिक्षकांच्या प्रशिक्षण संस्थेत होता. परराष्ट्रमंत्री इएंग सारी, तोही शिक्षक. आणि या तुरुंगाचा प्रमुख कांग गेक इआव, म्हणजेच कॉम्रेड डुच, गणिताचा मास्तर. त्याचे जबाब घेणारे दोन प्रमुख साहाय्यकही पूर्वीचे शिक्षकच. अडाणी होते ते खालचे पहारेकरी. खेड्यापाड्यांतून आणलेली पंधरा-अठरा वर्षांची पोरे. त्यांना हे सारे शिकवले मास्तरांनी.

डुचवर पुढे खटला झाला. तिथे आल्फ्रेद द व्हिन्यीची लांडग्याच्या मरणावरची फ्रेंच कविता त्याने न अडखळता म्हणून दाखवली. साहित्य शिकवून पोट भरणाऱ्या माणसाने ही गोष्ट एकदा तरी नीट मनात घोळवावी. कविता पाठ असणे आणि माणुसकी असणे यांचा संबंध आपण वर्गात गृहीत धरतो. तो आपोआप जुळत नाही.

लाल शाई

या तुरुंगाचे काम मारण्याचे होते. पण मारण्याआधी लिहून घेण्याचे होते. प्रत्येक कैद्याने आपली जीवनकहाणी लिहायची : जन्म, आईबाप, शाळा, नोकरी, आणि मग आपण देशद्रोही कसे झालो, कुणाकुणाला फितवले, त्यांची नावे. अमेरिकेचे हेरखाते, रशियाचे हेरखाते, व्हिएतनाम, यांपैकी कुणाची तरी चाकरी कबूल करावीच लागे. चूम मेय नावाचा एक मेकॅनिक बारा दिवसांच्या मारानंतर अमेरिका आणि रशिया या दोघांचाही हेर असल्याचे कबूल करून मोकळा झाला. ती हेरखाती काय चीज आहेत हे त्याला ठाऊकही नव्हते.

जबाब घेणाऱ्यांच्या तीन तुकड्या होत्या आणि त्यांची नावे स्वयंपाकघरात शोभावीत अशी होती : गार, गरम आणि चघळणारी. पहिली गोडीने विचारी, दुसरी मारी, तिसरी चिवट माणसाला दिवसचे दिवस चघळत बसे. लिहिलेला जबाब डुचकडे जाई. तो ओळीओळीखाली रेघा ओढून समासात शेरे लिही : हे अपुरे आहे, इथे नावे नाहीत, हे पुन्हा लिहून घ्या. कच्चा निबंध विद्यार्थ्याला परत द्यावा तसा जबाब परत जाई आणि कैदी पुन्हा गरम तुकडीकडे जाई. असे चार हजारांहून अधिक जबाब आज शिल्लक आहेत. काचेच्या पेटीत त्यांतली काही पाने ठेवली आहेत. समासातली शाई पाहिल्यावर मला माझ्या टेबलावरच्या उत्तरपत्रिका आठवल्या, हे लपवण्यात अर्थ नाही.

जबाब पुरा झाला, की कैद्याचे काम संपले. कागदावर त्याला 'मारणे' म्हणत नसत. शब्द होता 'कोमतेच', म्हणजे चिरडून भुगा करणे. डुचने न्यायालयात या शब्दाचा अर्थ सांगितला : गुपचूप पकडायचे, जबाब घ्यायचा, गुपचूप मारायचे, घरच्यांना पत्ता लागू द्यायचा नाही. मुलांची नावे असलेल्या यादीवरही त्याने एकूण एकाला संपवा असा शेरा मारला होता.

भाषेचे हाल यापूर्वीच झाले होते. ख्मेरमध्ये आपल्यासारखाच मानमरातब आहे. वडीलधाऱ्याशी, भिक्षूशी, राजाशी बोलायचे शब्द वेगळे. 'जेवणे' यालाही पाच तऱ्हा. नव्या राजवटीने त्या मोडून एकच शेतकरी शब्द सर्वांना लावला. बाप, काका, गुरुजी, सारे 'मित'. हा आपलाच 'मित्र'. सरकारला म्हणायचे 'अंगकार', म्हणजे नुसती संघटना. तिला चेहरा नाही, नाव नाही; पण अननसाला जितके डोळे तितके तिला, असे लोकांना बजावले जाई. समतेसाठी मानाचे शब्द काढून टाकणे कानाला बरे वाटते. पण ज्या देशात एकमेकांना मित्राखेरीज दुसरे काही म्हणायची सोय उरली नाही, त्या देशात मित्रावर विश्वास टाकायचीही सोय उरली नाही.

शब्दांत दडलेली माणसे

आणि तरीही, या लिहून घेतलेल्या खोट्या कागदांत माणसे सापडतात. केरी हॅमिल हा न्यूझीलंडचा तरुण शिडाच्या होडीतून जगप्रवासाला निघाला होता. ऑगस्ट १९७८ मध्ये होडी कंबोडियाच्या समुद्रात शिरली आणि पकडली गेली. एक सोबती तिथेच मारला गेला. हॅमिल आणि एक इंग्रज मित्र इथे आले. हॅमिलचा जबाब शिल्लक आहे. अमेरिकन हेरखात्यातला आपला वरिष्ठ म्हणून त्याने नाव दिले कर्नल सँडर्सचे. केएफसीच्या दुकानावर हसणाऱ्या दाढीवाल्या म्हाताऱ्याचे चित्र असते, तेच हे कर्नल! हेरखात्यातला आपला क्रमांक म्हणून त्याने घरचा टेलिफोन नंबर लिहिला. आणि व्याख्यानकला शिकवणारा एक गुरू त्याने कल्पिला, त्याचे नाव एस. टार. त्याच्या आईचे नाव एस्थर. छळणाऱ्यांना यातले काहीही कळले नाही. कागद फायलीला लागला. ऑगस्ट २००९ मध्ये त्याचा धाकटा भाऊ रॉब याने न्यायालयात साक्ष देताना हा जबाब उलगडून दाखवला. आईसाठी ठेवलेला निरोप एकतीस वर्षांनी जगासमोर वाचला गेला.

दुसरी हौत बोफाना. पंचविशीतली तरुणी. राजवटीने नवऱ्याची आणि तिची ताटातूट केली, तेव्हा तिने त्याला चोरून पत्रे लिहिली, आणि सही करताना लिहिले 'सेडा'. रावणाच्या कैदेतली सीता. नवरा पकडला गेल्यावर ती पत्रे हाती लागली. प्रेम हा पुरावा ठरला आणि पत्रे तिच्या जबाबाला टाचली गेली. १८ मार्च १९७७ रोजी तिला मारले. गंमत पाहा, तिला मारण्यासाठी ज्यांनी पत्रे जपली त्यांच्यामुळेच ती आज आहेत. कंबोडियन दिग्दर्शक रिथी पान यांनी १९९६ साली तिच्यावर चित्रपट केला. नॉम पेन्हमध्ये त्यांनी उभारलेल्या चित्रसंग्रहाच्या संस्थेला तिचेच नाव आहे. तिचा फोटो भिंतीवर आहे. वाल्मीकींचे काव्य कुठवर जाऊन पोहोचले याचा आपल्याला अभिमान असतो. ते या भिंतीपर्यंतही गेले आहे.

फोटोंचे दालन पाहायला सर्वांत अवघड. आत येणाऱ्या प्रत्येकाचा फोटो काढीत. छातीवर क्रमांक लावलेला. बायका, म्हातारे, तान्हे मूल घेतलेली आई, शाळकरी पोरे. कुणी गोंधळलेले, कुणी चिडलेले. एखाद्याने सवयीने किंचित स्मित केलेले. २०२१ साली एका परदेशी कारागिराने यांतले काही फोटो रंगवले आणि त्यांत न हसणाऱ्यांच्या चेहऱ्यावर हसू घातले. कंबोडियात संतापाची लाट उठली आणि ते फोटो मागे घ्यावे लागले. दुःखी चेहऱ्याला हसरा करणे हीदेखील एक तऱ्हेची जबरदस्तीच.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे; ती अडचणीची आहे. या भिंतीवरच्या चेहऱ्यांत पुष्कळजण स्वतः ख्मेर रूजचेच होते. राजवटीला बाहेरचे शत्रू पुरेनात, तेव्हा ती आपल्याच माणसांकडे वळली. पुढारी आले, सैनिक आले, या तुरुंगाचे पहारेकरी आणि जबाब घेणारेही आले. काल ज्याने बेडी ठोकली तो आज बेडीत. इथे आलेल्यांची किमान संख्या न्यायालयाने १२,२७२ धरली. त्यांत व्हिएतनामी, थाई आणि मूठभर पाश्चात्त्य होते, तसेच काही भारतीय आणि पाकिस्तानीही होते. बहुतेकांचा शेवट शहरापासून पंधरा किलोमीटरवरच्या चोएंग एक इथल्या खड्ड्यांत झाला. एके काळी तिथे फळबाग होती. १९८० साली तिथून ८,९८५ सांगाडे काढले.

वाचलेल्यांची संख्या बोटांवर मोजावी इतकी. का वाचले, तेही ऐकण्यासारखे आहे. चूम मेय वाचला, कारण त्याला शिलाई मशीन आणि टाइपरायटर दुरुस्त करता येत होते. ज्यावर जबाब टंकले जात तोच टाइपरायटर. व्हान नाथ वाचला, कारण तो चित्रकार होता आणि पोल पॉटची चित्रे हवी होती. मारायच्या यादीत त्याच्या नावापुढे 'ठेवा' असा शेरा पडला. पुढे त्याने डोळ्यांनी पाहिलेले सारे रंगवले आणि ती चित्रे आज याच इमारतीत आहेत. २०११ साली तो वारला. तिसरा बू मेंग, हाही चित्रकार. आम्ही गेलो तेव्हा चूम मेय आणि बू मेंग मैदानात छत्रीखाली टेबल मांडून आपापली पुस्तके विकत बसले होते. आम्ही दोन्ही विकत घेतली. बोलायला भाषा नव्हती. हात जोडले, त्यांनीही जोडले.

न्याय आणि धडा

७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी सैन्य नॉम पेन्हमध्ये आले. कागद जाळायला डुचला सवड मिळाली नाही. व्हिएतनामने त्याच वर्षी इथे संग्रहालयाची उभारणी सुरू केली. आपली चढाई जगाला पटवायची हा हेतू त्यात होताच. कवट्यांचा एक भला मोठा नकाशा इथे लावला होता, तो २००२ साली काढला. जगाचे राजकारण असे, की ही पेटी उघडल्यावरही संयुक्त राष्ट्रांत कंबोडियाची खुर्ची कितीतरी वर्षे ख्मेर रूजच्याच पक्षाकडे राहिली. भारताने मात्र १९८० साली नव्या सरकारला मान्यता दिली. पोल पॉट १९९८ साली न्यायालयाचे तोंड न पाहता मेला.

डुच १९९९ साली एका छायाचित्रकाराला सापडला. नाव बदलून, ख्रिस्ती होऊन, लोकांच्या मदतीची कामे करीत होता. मधल्या काळात त्याने पुन्हा शाळेत शिकवलेही होते. २००९ साली संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने चाललेल्या न्यायालयात तो उभा राहिला. बू मेंगने त्याला एवढेच विचारले, की माझ्या बायकोला कुठे मारले ते सांग, म्हणजे तिथली मूठभर माती तरी घेईन. डुच रडला; त्याला नक्की सांगता आले नाही. महिनोनमहिने क्षमा मागितल्यावर शेवटच्या दिवशी त्याने सुटकाही मागितली. २०१० साली त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली, २०१२ साली ती वाढून जन्मठेप झाली, आणि २०२० साली तो मेला.

बरीच वर्षे कंबोडियातल्या क्रमिक पुस्तकांत या काळावर धड काही नव्हते. घरात आईबाप बोलत नसत आणि बोलले तर मुलांना खरे वाटत नसे. २००७ साली या राजवटीच्या इतिहासाचे पुस्तक तिथल्याच एका संशोधन संस्थेने काढले आणि ते शाळाशाळांत गेले. युनेस्कोने २००९ साली इथल्या कागदपत्रांना जगाच्या स्मृतिठेव्यात स्थान दिले. ११ जुलै २०२५ रोजी ही शाळा, चोएंग एक आणि डुचचा जंगलातला पहिला तुरुंग ही तिन्ही स्थळे जागतिक वारशाच्या यादीत आली. ज्या यादीत अंकोरवाट आहे त्याच यादीत.

मैदानात २०१५ साली एक स्तूप उभारला आहे आणि त्याच्याभोवती काळ्या दगडावर मेलेल्यांची नावे कोरली आहेत. आम्ही निघालो तेव्हा पांढरे सदरे घातलेल्या मुलामुलींची एक सहल आली होती. त्यांच्या 'क्रू'बाई एकेक नाव वाचून दाखवीत होत्या आणि मुले वहीत उतरवून घेत होती. आमच्या चिरंजीवांनी बराच वेळ ते पाहिले आणि विचारले, "बाबा, यांच्यापैकी कुणी सरांना सांगितले नाही का, की हे चुकीचे आहे म्हणून?" मी म्हटले, "सांगितले असेल. सांगणारे याच दगडावर असतील."

त्यानंतर परतीच्या प्रवासात आणि पुढेही या प्रश्नाने माझा पिच्छा सोडला नाही. सरांना चुकीचे आहे असे सांगता येणे, आणि सांगून सुखरूप घरी जाता येणे, ही सवय शाळेतच लागायची असते. आपल्या घरांतून आणि वर्गांतून आपण ती कितपत लावतो, हे प्रत्येकाने आपले आपण तपासावे. एकच उत्तर बरोबर, ते सरांनी दिलेले, आणि समासात लाल शाई, एवढ्यानेच काही तुरुंग तयार होत नाही. पण तुरुंग बांधणाऱ्याला असा तयार वर्ग फार सोयीचा पडतो. मी आता एवढे करतो, की वर्षातला एक तास मुलांना माझ्या शिकवण्यातल्या चुका काढायला देतो. पहिल्या वर्षी कुणी तोंड उघडले नाही. गेल्या वर्षी दोघांनी उघडले, आणि त्यांतल्या एकीचे म्हणणे बरोबर होते.

कंबोडियाला जाल तेव्हा अंकोरवाट डोळे भरून पाहा. माणसाच्या हातांनी एवढे घडते, हे कळायला ते पाहिलेच पाहिजे. आणि शेवटच्या दिवशीचा तो दीड तास बाजाराला देऊ नका. जरा मोठी मुले असतील तर त्यांनाही बरोबर न्या. तिथे हसू नये अशी पाटी आहे, फोटोसाठी उभे राहू नये. नावे मात्र दोन-चार वाचा. ती आपल्याला उच्चारायला कठीण जात नाहीत. निम्मी तर आपल्याच भाषांतून गेलेली आहेत.